१,१८,००० किलोमीटर चाललेली ३७०झेड सर्किटसाठी तयार करताना : इंदूरच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

गाडी आज सांवेर रोडवर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये लावली. निसान ३७०झेड, २०११ चे मॉडेल, ३६९६ सीसीचे व्ही-सहा इंजिन, सहा गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागच्या चाकांना चाल आणि ओडोमीटरवर १,१८,००० किलोमीटरच्या पुढे सरकलेला आकडा. एवढी चाललेली स्पोर्ट्स कार सर्किटवर नेण्यासाठी घेतली असे कळल्यावर ओळखीतल्या बहुतेकांनी आधी त्या आकड्याचीच काळजी केली. मला ती तितकीशी पटत नाही. याच सुमाराच्या किमतीत पाहिलेली दुसरी गाडी जेमतेम पंचवीस हजार चालली होती, पण वर्षानुवर्षे कव्हरखाली उभी होती. तिच्या ब्रेक डिस्कच्या कडांना गंज धरला होता, टायर एका बाजूने चपटे झाले होते आणि टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा आंबट वास केबिनमध्ये येत होता. ही गाडी मात्र आधीच्या मालकाने जवळजवळ रोज आणि मुख्यतः महामार्गावर चालवली, ठरल्या वेळी तेल बदलले आणि प्रत्येक पावती फाइलला लावून ठेवली. इंजिन एकदा गरम झाल्यावर एकसारख्या आरपीएमवर तासन्‌तास चालले, तर शहरातल्या छोट्या छोट्या थंड फेऱ्यांच्या मानाने त्याची झीज फार कमी होते.

उद्दिष्ट एवढेच, की हिवाळा सरता सरता ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर एका ट्रॅक-डेला ही गाडी दिवसभर चालवायची आणि तीच चालवत इंदूरला परतायचे. कोणाशी शर्यत नाही, फेरीला घड्याळ नाही, आणि इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी या टप्प्यात एक रुपयाही नाही. कोणता भाग अंतरामुळे झिजला आहे, कोणता नुसत्या वयाने कडक पडला आहे आणि कोणता तसा धडधाकट असूनही सर्किटवरच्या उष्णतेत टिकणार नाही, हे पुढच्या नोंदींत वेगवेगळे लिहीन, कारण तिन्हींची तपासणी निराळी असते आणि ओडोमीटर त्यांपैकी फक्त पहिल्याविषयी काही सांगतो.

२२ सप्टेंबर २०२४

इंजिनापासून सुरुवात केली. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, १७१ ते १७९ पीएसआयच्या दरम्यान आले. मिस्त्रींना आकडे थोडे कमी वाटले, परंतु इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असल्यामुळे गेजवरचा आकडाही त्याच प्रमाणात खाली येतो. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांमधला फरक अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो समाधान वाटावे इतका लहान आहे.

या जातीच्या सुरुवातीच्या इंजिनांविषयी एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मागच्या टायमिंग कव्हरमधून जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर कागदी गॅस्केट असे. ते कालांतराने फाटले, की तेल वाटेतच गळून दाब उतरतो. पुढे त्या जागी धातूचे गॅस्केट आले. ते बदलायचे तर इंजिनाची पुढची बाजू पूर्ण उघडावी लागते, म्हणून निव्वळ ऐकीव भीतीपोटी हात घालण्याऐवजी आम्ही दाबाच्या सेन्सरच्या जागी साधे यांत्रिक गेज लावले, इंजिन पूर्ण गरम होऊ दिले आणि मोजले : आयडलला चौरस सेंटिमीटरला १.३ किलो, २००० आरपीएमला ३.६ किलो. गॅस्केट गळत असते तर आरपीएम वाढवूनही काटा रेंगाळला असता. तो ॲक्सिलरेटरबरोबर नेमका चढत होता, तेव्हा इंजिन उघडायचे नाही असे ठरले. ते यांत्रिक गेज मात्र कायमचे ठेवणार आहे.

जुना तेलफिल्टर कापून त्याचा कागद घडी उलगडून उन्हात पसरला आणि त्यावरून लोहचुंबक फिरवला. काळसर तेलाशिवाय काही निघाले नाही. बेअरिंगचा चकचकीत चुरा असता तर हा प्रकल्प इथेच थांबला असता.

६ ऑक्टोबर २०२४

रबर. या गाडीतली सर्वांत कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक बाब. गाडी लिफ्टवर घेऊन मिस्त्रींनी पुढच्या चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीत, टॉमी (लोखंडी पहार) अडकवून हलकेच दाबली, तसे रबर आणि आतली धातूची नळी यांच्यामध्ये नखभर फट उघडली आणि टॉमी काढताच मिटली. वरून पाहणाऱ्याला तो बुश चांगलाच वाटला असता. रस्त्यावर एवढ्या फटीने क्वचित एखादा ठोका ऐकू येतो. सर्किटवर मात्र जोरात ब्रेक लावताना चाक तेवढ्याच फटीने मागे सरकते, त्याची दिशा बदलते आणि नेमक्या नको त्या क्षणी स्टिअरिंग आपल्या मनाने वळू लागते. पुढचे सर्व बुश आणि मागच्या सब-फ्रेमचे दोन बुश बदलायचे ठरले. रस्त्यावरून ८०० किलोमीटर जाऊन तितकेच परत यायचे असल्यामुळे कडक पॉलियुरेथेन न घेता मूळ रबरच घेतले.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग काळ्यावरून तपकिरी झाला होता. हे अंतराचे नव्हे, वयाचे आणि तापाचे लक्षण आहे. अशी टाकी रोजच्या वापरात आणखी काही वर्षे निघेलही, पण सर्किटवर फुटली तर कूलंट ट्रॅकवर सांडून मागच्या गाड्या घसरतात आणि ट्रॅक-डे सगळ्यांसाठीच थांबतो, म्हणून रेडिएटर, त्याची टोपी, थर्मोस्टॅट आणि वरखालचे दोन्ही होज पाइप एकदमच बदलले.

इंधनाच्या रबरी नळ्यांचा विचार हल्ली वेगळा करावा लागतो. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे आणि २०११ ची ही गाडी दहा टक्क्यांपर्यंतचे मिश्रण गृहीत धरून बनवलेली आहे. इथेनॉलमध्ये लीटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अशा मिश्रणावर गाडी सहा-सात टक्के जास्त इंधन पिणार हे उघड आहे. मला त्याहून काळजी आहे ती तेरा वर्षे जुन्या रबराची. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी तुकडे काढून इथेनॉलला टिकणारे नवे बसवले. काढलेल्यांपैकी एक तुकडा वाकवताच त्याच्या पाठीवर बारीक चिरा उमटल्या.

२० ऑक्टोबर २०२४

चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम वेगाच्या पुढे पळत होते, म्हणजे क्लच प्लेट संपत आली होती. ही खरी अंतराची झीज. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, आणि तो उतरलाच आहे म्हटल्यावर पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा स्लेव्ह सिलिंडरही बदलला. या गाडीत तो बाहेर नसून बेलहाउसिंगच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसलेला असतो. उष्णतेने त्याचे सील गेले, तर क्लचचे पेडल खाली जाऊन बसते आणि एका छोट्या सीलसाठी पुन्हा अख्खा गिअरबॉक्स काढावा लागतो. फ्लायव्हीलवर डाग होते, तडे नव्हते. ते तसेच ठेवले. गिअरबॉक्सचे तेल काळे निघाले, पण ड्रेन प्लगच्या चुंबकाला धातूची अगदी मऊ भुकटीच चिकटली होती.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर ब्रेकचे काम हाती घेतले. ब्रेकमधले जुने तेल काढण्याच्या निपलमधून निघालेले ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे होते. आधीच्या पावत्यांवर तेलाचा आणि फिल्टरचा उल्लेख दर वर्षी आहे, ब्रेक ऑइलचा मात्र फारच क्वचित. आपल्याकडे ते कमी झाले तर वरून भरायचे असते, बदलायचे नसते, असाच बहुतेकांचा समज आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट-४ दर्जाच्या नव्या तेलाचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल फरशीला टेकूनही गाडी थांबत नाही. रस्त्यावर ही वेळ का येत नाही हे हिशेबाने पाहिले. ड्रायव्हरसह सुमारे १६०० किलो वजनाची ही गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना ब्रेकना जवळपास ४ लाख ज्यूल ऊर्जा पचवावी लागते. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतरच्या किलोमीटरभर सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी २०० वरून ८० वर आणायचा, तर तीच ऊर्जा २० लाख ज्यूलच्या पुढे जाते, म्हणजे पाचपटीहून अधिक, आणि ती प्रत्येक फेरीत, शिवाय बाकीच्या वळणांवर वेगळी. डिस्क थंड व्हायला रस्त्यावर मिळते तशी सवड इथे मिळत नाही.

म्हणून ३१२ अंश उकळबिंदूचे मोटुल आरबीएफ ६०० घातले, आणि उरलेली उघडी बाटली पुढच्या वेळेसाठी जपून न ठेवता मिस्त्रींच्या स्कूटरला देऊन टाकली, कारण उघडलेले तेल कपाटातही पाणी ओढतच असते. पुढच्या डिस्क मायक्रोमीटरने मोजल्या, तर त्यांवर कोरलेल्या किमान जाडीच्या अगदी जवळ आल्या होत्या, त्या बदलल्या. मागच्या राहू दिल्या. पॅड जास्त तापमानाचे, पण थंड असतानाही पकडणारे असे मधल्या दर्जाचे घेतले. निव्वळ शर्यतीचे पॅड थंडीत नीट धरत नाहीत, आणि पहाटे देवास नाक्यावर समोर अचानक गाय आली तर मला पॅड गरम होण्याची वाट पाहता येणार नाही. कॅलिपरचे पिस्टन हाताने आत सरकले. मागच्या उजव्या कॅलिपरचे धूळरोधक रबर फाटले होते, ते बदलले.

२४ नोव्हेंबर २०२४

ऑइल कूलर. या प्रकल्पातला हा सर्वांत मोठा खर्च आणि या मॉडेलपुरता बोलायचे तर सर्वांत निकडीचा. ३७०झेड सर्किटवर नेणाऱ्यांचा जगभरचा अनुभव असा, की कूलर नसलेल्या गाडीत काही जोरदार फेऱ्यांतच तेलाचे तापमान १३० च्या पुढे जाते आणि १४० अंशांच्या आसपास इंजिनाचा संगणक स्वतःच आरपीएमवर मर्यादा घालतो. इंजिन वाचते, पण भर सर्किटवर गाडीचा जोर अचानक ओसरतो. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा मुळातच दिलेला आहे, ही या गाडीची मला फार आवडणारी बाब आहे. हल्लीच्या कित्येक महागड्या गाड्यांत तो नसतो.

पंचवीस ओळींचा कूलर रेडिएटरच्या पुढे बसवला. फिल्टरखालच्या प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असलेलीच घेतली, कारण तो नसेल तर डिसेंबरच्या पहाटे एबी (आग्रा-मुंबई) रोडवर तेल गरमच होणार नाही आणि त्यात साचलेला ओलावा उडून जाणार नाही. तयार ब्रॅकेट आपल्या गाडीच्या बंपरला जमेना, तेव्हा सांवेर रोडवरच्याच एका लेथवाल्याकडून तीन मिलिमीटर ॲल्युमिनिअमचे दोन तुकडे वाकवून घेतले. त्याने भोके गोल न पाडता लांबट पाडली आणि खाली रबरी वॉशर दिले, म्हणजे इंजिनाचा कंप कूलरच्या टाक्यांच्या जोडापर्यंत पोहोचू नये. हे मी सांगितलेले नव्हते. नळ्या जिथे पत्र्याला घासू शकतील तिथे जुन्या होजचे तुकडे चिरून गुंडाळले. तेल ५डब्ल्यू-४० घातले. कूलर आणि नळ्यांमुळे ते नेहमीच्या पाचेक लीटरांपेक्षा अर्थातच जास्त लागले.

१ डिसेंबर २०२४

पीथमपूर घराजवळ असताना एवढ्या दूर कशाला जायचे, असे विचारणारे रोज भेटतात. नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती वेगपथ जून २०२१ मध्ये सुरू झाला आणि तो खरोखरच अभिमान वाटावा असा आहे, पण ती वाहनांच्या चाचणीची संस्था आहे, तिथे काम मुख्यतः कंपन्यांचे चालते. शिवाय तशा पथावर वेग सलग ठेवायचा असतो. मला या गाडीकडून जे तपासून हवे आहे ते जोरात थांबणे, वळणे आणि पुन्हा वेग घेणे, आणि ते १६ वळणांच्या, ५.१२५ किलोमीटरच्या सर्किटवरच तपासले जाते.

१५ डिसेंबर २०२४

टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक २३१७ होते, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. रबरात नख रुतत नव्हते. चारही बदलले : पुढे २४५/४० आर १९, मागे २७५/३५ आर १९, रस्त्यावर चालणारेच, कारण जायचे-यायचे त्यांच्यावरच आहे. अलाइनमेंटमध्ये पुढचा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यावर दिसणारा चाकाचा कल, मूळ आर्म ठेवून बदलता येत नाही, त्यामुळे टो (वरून पाहिल्यावर दिसणारी चाकाची दिशा) तेवढा सरळ केला. पुढच्या टायरची बाहेरची कड जास्त झिजणार हे आताच दिसते आहे. ती किती झिजते हे पाहून समायोजनाच्या आर्मवर खर्च करायचा की नाही ते ठरवीन.

१२ जानेवारी २०२५

सिमरोळच्या पुढे भेरूघाटात पहाटे जाऊन आलो. वेगमर्यादेतच, पण मुद्दाम खालच्या गिअरमध्ये. तेल ९८ अंशांवर स्थिरावले, कूलंटचा काटा हलला नाही, आणि घाट उतरून थांबल्यावर कूलरच्या जोडांवरून कोरडा कागद फिरवला तर तो कोरडाच राहिला. क्लच छान धरतो. नव्या बुशमुळे स्टिअरिंग बोटभर कमी फिरवावे लागते असे वाटले, पण ते नव्या टायरमुळेही असेल.

२ फेब्रुवारी २०२५

कागदपत्रे. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत, वेगचाचणी आणि तत्सम वापर स्पष्टपणे वगळलेला असतो, तेव्हा सर्किटच्या फाटकाच्या आत जे होईल ते माझ्या खिशातून, हे गृहीत धरूनच चाललो आहे. ज्यांना गाडीचे पूर्ण नुकसान सोसवणार नाही त्यांनी ती सर्किटवर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनी, जास्त चाललेली आणि म्हणून स्वस्त पडलेली गाडी घेण्यामागे हेही एक कारण होते.

दुसरी बाब नोंदणीची. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात सध्या, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी आहे आणि ग्रेटर नोएडा त्या क्षेत्रात मोडते. या गाडीची नोंदणी ऑगस्ट २०११ ची, म्हणजे नियम असाच राहिला तर या सर्किटसाठी हा हिवाळा सोडून आणखी एकच हिवाळा हाती उरतो. मध्य प्रदेशात फिटनेस करून नोंदणीचे नूतनीकरण होईल, पण त्याने तिकडचा प्रश्न सुटत नाही.

२१ फेब्रुवारी २०२५, रात्री

पोहोचलो. देवास, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि तिथून यमुना एक्स्प्रेस वे. मावसभाऊ त्याच्या इनोव्हातून मागे होता. तिच्यात जॅक, टॉर्क पाना, जुने पॅड, तेल, ब्रेक ऑइल आणि हेल्मेट. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर घालून आणण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता आणि तो चुकीचा नाही, पण ८०० किलोमीटरचा सलग प्रवास ही नव्या जोडलेल्या भागांची सर्वांत निर्धोक परीक्षा आहे असे मला वाटले. धुक्याच्या दिवसांत, १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, एक्स्प्रेस वेवर हलक्या गाड्यांची मर्यादा ताशी १०० वरून ७५ वर आणतात. ते दिवस संपलेले पाहूनच तारीख निवडली होती. काँक्रीटवर टायर लवकर तापतात, म्हणून आग्र्याला थांबून हवा तपासली. तेल ९४ अंशांवर.

२२ फेब्रुवारी २०२५

सकाळी ड्रायव्हरांची बैठक, झेंड्यांची उजळणी आणि गाडीची तपासणी झाली. तपासनिसांनी टो-हुक, बॅटरीची पकड आणि चाकांचे नट पाहिले, ओडोमीटरकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पहिले सत्र हळू, मुद्दाम. तिसऱ्या वळणावर चढ असल्यामुळे पुढचे काहीच दिसत नाही आणि तिथून बाहेर पडताना घाई केली तर मागचा भाग सुटतो; तिथून सुटलेला जो वेग तो पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर आपल्याबरोबर राहतो. चौथ्या वळणाआधी ब्रेक कुठे लावायचा ती खूण आधी बरीच अलीकडे धरली आणि प्रत्येक सत्रात थोडी थोडी पुढे नेली. पेडलची उंची सकाळी होती तेवढीच दुपारी होती. या दिवसातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

तेलाचा काटा दुपारच्या सत्रात १२१ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो १२० ओलांडताच मी एक फेरी सौम्य करीत होतो, ११२ वर उतरला की पुन्हा वेग. कूलर नसता तर हे सत्र निम्म्यातच संपले असते. टाकी सतत निम्म्याच्या वर ठेवली, कारण या गाडीत लांब उजव्या वळणात पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जाते आणि पंपाला ते मिळेनासे होते. इथे गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि दहाव्या-अकराव्या वळणाचा उजवा वेढा नेमका त्याच जातीचा आहे. इंजिनाने एकदाही गचका दिला नाही. जेवणाच्या वेळी टाकी भरायला बाहेर पंपावर जावे लागले, एवढीच गैरसोय झाली.

सकाळी थंड टायरमध्ये हवा २८ पीएसआय भरली होती, सत्रानंतर पुढच्या डाव्या टायरमध्ये ती ३८ दाखवू लागली. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब एकेक पीएसआय चढतो. गरम असतानाच ती ३४ वर आणली, चारही टायरांना वेगवेगळी हवा काढावी लागली. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न लावता काढली, आणि पार्किंगमध्ये हँडब्रेक न ओढता चाकांना लाकडी गुटके लावले.

२३ फेब्रुवारी २०२५

परतीच्या वाटेवर आग्र्यापासून ग्वाल्हेरपर्यंत गाडी मावसभावाने चालवली. ग्वाल्हेरला चहाला थांबल्यावर तो म्हणाला, “दादा, उजवीकडे वळलं की मागून घोंघों येतंय, डावीकडे वळलं की थांबतंय.” पुढे मीही लक्ष देऊन ऐकले. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे मागचे डावे बेअरिंग. वेग ८० च्या खाली ठेवून रात्री उशिरा इंदूर गाठले. सर्किटवर हेल्मेट आणि इंजिनाच्या आवाजात हे ऐकू येणे शक्य नव्हते.

१ मार्च २०२५

गाडी लिफ्टवर. मागचे डावे चाक हाताने फिरवले तर कॉइल स्प्रिंगवर टेकवलेल्या बोटांना खरखर स्पष्ट जाणवते. उजवे चाक गुळगुळीत फिरते. क्लचनंतर अंतराने झिजलेला म्हणता येईल असा हा दुसराच मोठा भाग, आणि घड्याळाच्या दिशेने फिरताना सर्वाधिक भार पडणाऱ्या बाजूलाच तो बोलू लागला. हब आणि बेअरिंग एकत्रच येतात.

मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलच्या हवा सोडणाऱ्या नळीभोवती तेलाचा पातळ थर उडालेला दिसला. तिथले तेल इतके तापले, की फुगून नळीवाटे बाहेर आले. इंजिनाच्या उष्णतेची एवढी चिंता केली, पण मागे त्या डब्याला ना कूलर आहे ना काटा, आणि आतला व्हिस्कस प्रकारचा लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारी जोडणी, तापला की त्याची पकडही सैल होते. तेल काढले तर जळकट वास आला. आता ७५डब्ल्यू-१४० भरले आहे आणि हवा सोडणारी नळी उंच नेऊन एका छोट्या डब्यात सोडली आहे.

पुढचे पॅड निम्म्याहून थोडे अधिक उरले आहेत. डिस्कवर केसांसारख्या बारीक रेषा आहेत, नख अडकत नाही, म्हणजे चालतील. ब्रेक ऑइल प्रत्येक कॅलिपरमधून थोडे थोडे काढून नवे घातले. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा दोन मिलिमीटरने जास्त झिजली आहे, उजव्याची एक मिलिमीटरने. समायोजनाचे वरचे आर्म घ्यावेच लागणार; टायरच्या एका जोडीच्या किमतीत ते येतात आणि पुढची जोडी वाचवतात. इंजिनाचे तेल डिपस्टिकवर जरासे उतरले होते. फिल्टर कापला, स्वच्छ निघाला. गरम इंजिनावर दाब पुन्हा मोजला, २००० आरपीएमला ३.५ किलो.

१६ मार्च २०२५

हब आले, पण बुधवारी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आहे आणि त्या आठवड्यात गॅरेजमध्ये कोणी कामाला सापडेल असे दिसत नाही. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे हब बदलण्याचा आग्रह धरला होता. मी फक्त डावे मागवले. उजव्याला ना आवाज आहे ना ढिलाई, आणि तो भाग खराब होण्याआधी बराच काळ बोलतो. त्या पैशांत समायोजनाचे आर्म आले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ग्रेटर नोएडा. त्यानंतरचा विचार चेन्नईजवळच्या ३.७१७ किलोमीटरच्या मद्रास आंतरराष्ट्रीय सर्किटचा आहे. ते इंदूरहून फारच लांब असल्यामुळे तिथे गाडी ट्रकवर घालूनच न्यावी लागेल, आणि तसे झाले तर रस्त्यावर चालण्याची अट सुटून पुढच्या चाकांना शर्यतीचे पॅड लावता येतील. त्याआधी डिफरन्शिअलला तापमानाचा सेन्सर बसवायचा आहे. ड्रेन प्लगच्या जागी बसणारा सेन्सर मिळतो, मात्र तो खाली लोंबणार नाही ना हे लिफ्टवर गाडी असतानाच मोजून घ्यायला मिस्त्रींना सांगितले आहे.